नदीच्या वळणावरच्या खुंट्या

तान्ह्या ऑरिनच्या मुठीत ती लाल फ्लॅनेलची चिंधी अजून होती — कालपासून सोडलीच नव्हती त्यानं, चोखून चोखून तिचा रंग हनुवटीवर उतरला होता — आणि फिलेनाच्या मनात आधी आलं ते हेच, की रंग पोटात गेला असेल का. राग मागून आला. चिंधी तिच्याच जुन्या परकराची. गावातल्या बायकांनी रेल्वेच्या मोजणीसाठी निशाणं शिवली तेव्हा तिनं तो स्वतः फाडला होता. आणि काल बग्गीतून नदीकाठी गेली, तर निशाणं बांधलेल्या, रुळांचा मार्ग आखणाऱ्या त्या खुंट्या गावाकडे येतच नव्हत्या. वळणापाशी त्या सरळ दक्षिणेला गेल्या होत्या, ओसाड गवतात... जिथं गेल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं, अल्फियसनं, मेहुण्याच्या नावानं जमीन घेतली होती. मेंढ्यांसाठी, म्हणाला होता. मेंढ्या.

आता तो आरशापुढे कॉलर लावत आजच्या सभेचं भाषण घोकत होता. आधी वकील, मग डाकोटा मुलखाच्या विधिमंडळात सभासद, मग रेल्वे कंपनीचा अध्यक्ष. यंदा जमलं तर मुलखाचा प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला — आणि प्रत्येक पायरीचं भाषण तिनं लिहून दिलेलं. ‘रूळ तुमच्या उंबऱ्याशी येतील’ हे वाक्य तिचं. त्या वाक्यावर गावानं रेल्वेच्या कर्जाला कौल दिला, लिंडक्विस्टबाईंनी स्टेशनसाठी चांगलं उभं कोठार पाडलं. माझं वाक्य. माझा परकर.

“खुंट्या वळल्यात,” ती म्हणाली.

“पाहून आलीस वाटतं. इकडे चढ लागतो, इंजिनियरांचं म्हणणं.”

“मी शाळेत भूमिती शिकवत होते. इकडे चढ नाही.”

“बरं बाई, नाही.” तो हसला, मतदारांसाठी राखलेलं हसू. “घरांचं काय एवढं? ओंडक्यांवर चढवायची, बैल जुंपायचे. बर्फ पडला की अख्खं गाव घसरत रुळांपाशी जातं. इथं सगळीकडे हेच चाललंय.”

“आणि हेटी?”

तो कॉलरच्या गुंडीशी झटत राहिला. “टेकडीवर तिला काय त्रास आहे? हे बघ, आज हे नको. ऑरिनला मांडीवर घेऊन व्यासपीठावर बस. तू बसलीस की बायकांना खरं वाटतं.”

खरं वाटतं... त्यांच्या मुलीचा, हेटीचा गळा घटसर्पानं बंद होत होता तेव्हा हा राजधानीत रेल्वेच्या ठरावासाठी मतं गोळा करत बसला होता, आणि परत आला तो तिला टेकडीवर पुरल्यानंतर, ठराव जिंकून, शोकाची काळी फीत लावून. त्या फितीसकट त्यानं पुढची निवडणूक लढवली, आणि लोक गहिवरले, आणि ती — ती बाजूला बसली होती. तेव्हाही खरं वाटलं असणार लोकांना. निशाणाचं कापड काय, बाई काय, खुंटीला बांधायला दोन्ही सारखीच.

सभागृहात भोपळ्याच्या गोड पक्वान्नाचा वास भरला होता. लिंडक्विस्टबाईंनी पहिल्या रांगेतून फिलेनाला हाक मारली, “काय हो थॉर्नडाइकबाई, शिट्टीनं आमच्या गाई आटणार म्हणे. मी ह्यांना म्हटलं, आधी गाडी तर येऊ दे, मग गाईंची समजूत काढू.” बायका हसल्या. मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, “पण इकडेच येणार ना? हे म्हणतात, खुंट्या कुठं दिसत नाहीत. मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांपेक्षा बाईंचा शब्द बरा.”

‘येणार की’ — इतकंच तर म्हणायचं होतं. आजवर ते आपोआप तोंडातून निघायचं, श्वासासारखं. फिलेना वाट बघत राहिली. शब्द आलाच नाही. रागानं अंग थरथरेल असं तिला सकाळपासून वाटत होतं, पण आत सगळं गार आणि स्थिर होतं, नदी गोठल्यावर होते तसं, आणि लिंडक्विस्टबाईंचा चेहरा हळूहळू बदलत चाललेला तिला अगदी स्पष्ट दिसत होता. व्यासपीठावरून अल्फियसनं तिला वर घ्यायला हात पुढे केला. आपण काय बोलणार हे तिला अजून ठाऊक नव्हतं. पण तो हात ओळखीच्या कुठल्याशा दुसऱ्याच बाईसाठी पुढे झालेला असावा, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.