न वाचलेल्या ओळीखालचं नाव

मशीनची मेमरी संपली की कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, निष्ठुर व्हावं लागतं. सगळंच ठप्प होण्यापेक्षा एखादी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला एखादा प्रोग्रॅम, मारायची आणि तिची जागा बाकीच्यांना द्यायची. पण आता गंमत बघा. प्रोसेस मेली तरी तिची मेमरी लगेच सुटत नाही. त्या मेमरीत डोकावणारा प्रत्येक जण आधी ‘मी धरलीय’ अशी नोंद करतो आणि काम झालं की सोडतो. एकानेही धरून ठेवली, की मारणं फुकट जातं आणि कर्नल पुढचा बळी शोधतो.

ग्राहकाच्या मशीनवर तेच झालं. प्रोसेस मारत मारत शेवटी मशीनच आडवं झालं.

ज्या पॅचमुळे, म्हणजे कर्नलच्या कोडमधल्या बदलामुळे, हे घडलं तो बैठकीच्या खोलीत पडद्यावर होता. लिहिणारी धाकटी, टीममध्ये सगळे तिला तेच म्हणत. खाली ‘तपासलं’ म्हणून काकांचं नाव. काका टीममधले सगळ्यांत जुने. चूक स्पष्ट दिसत होती: प्रोसेस आधीच मरायला टेकली असेल तर काम न करताच परत फिरायचं, असं लिहिलं होतं, पण फिरताना धरलेली मेमरी सोडलीच नव्हती.

“काका, तुमच्या नजरेतून हे सुटावं?” साहेबांनी विचारलं.

“सुटलं खरं. नाव आहे म्हणजे वाचलं असणारच. पण या ओळी आठवतच नाहीत हो.” काका हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. “परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. तपासायचं काम आता दुसऱ्या कुणाला द्या.”

“बघतो मी,” साहेब हळूच म्हणाले.

धाकटीचे कान तापले. काकांनी पॅच तपासून दिल्यावर तिनेच त्या ओळी घुसडल्या होत्या. बदल केला की आधीचं नाव काढून पुन्हा विचारायचं असतं. एवढ्याशासाठी काकांना कशाला त्रास, म्हणून तिने नाव तसंच राहू दिलं होतं. खरं तर ते पुन्हा पहिल्यापासून वाचत बसतील, याचाच तिला कंटाळा आला होता.

“काकांनी त्या ओळी वाचलेल्याच नाहीत,” ती म्हणाली. “मी नंतर घातल्या. नाव काढलं नाही.”

आता काका काय बोलतील ते ऐकायला ती मान खाली घालून बसली.

“म्हणजे मी विसरलो नव्हतो?”

“नाही, काका.”

त्यांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. मग तिथूनच घरी फोन लावला. “अगं, डॉक्टरकडे नको जायला. डोकं शाबूत आहे... कुणाची का असेना चूक, तू जेवून घे.”

ते रागावले असते तर बरं, असं धाकटीला वाटलं.

दुपारी ती दुरुस्त केलेला पॅच घेऊन त्यांच्या टेबलाशी गेली. ‘तपासलं’पुढची जागा कोरी होती.

“काका, वाचाल?”

“बस,” काका म्हणाले. “वेळ लागेल बरं का.”

आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ती शेजारी बसून राहिली. मान वर करायचा धीर तिला होत नव्हता.