एका दुकानाला किती पाट्या?

"बाबा, तुम्ही दुकान विकलंत का?"

प्रश्न माझा नव्हता. शाळा सुटल्यावर रेडिओने (ही माझी मैत्रीण, कधीच बंद होत नाही) तिच्या ताईचा मोबाइल माझ्या नाकासमोर नाचवला होता. "हिंमत असेल तर विचार बाबांना. तेही गिऱ्हाइकासमोर!" वादविवाद स्पर्धा जिंकल्यापासून माझ्या हिमतीवर कुणी शंका घेतलेली मला खपत नाही. म्हणून दप्तरासकट दुकानात शिरले आणि विचारून मोकळी झाले.

बाबांच्या ओठांत चार बारीक खिळे होते. ते त्यांनी एकेक करून तळहातावर काढले. "कुणी सांगितलं?"

आमचं दुकान म्हणजे 'समपाऊल'. ज्यांचा एक पाय लहान, एक मोठा, एखादा वाकडा, अशांसाठी बाबा बूट बनवतात. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचे लाकडी साचे करतात, त्यांना फर्मे म्हणतात. डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. भिंतभर फळ्यांवर नुसते पायच पाय. 'समपाऊल' हे नाव आईचं, शिलाई मशीनवर बसल्या बसल्या सुचलेलं.

मी सांगितलं. आपली वेबसाइट 'समपाऊल डॉट कॉम'. पण त्याच नावापुढे 'डॉट शॉप' लावलं, की चौकातल्या त्या काचेच्या बुटांच्या दुकानाची वेबसाइट उघडते. वर लिहिलंय, 'प्रत्येक पावलाला न्याय.' न्याय म्हणे!

बाकावर बसलेल्या नर्सकाकू ताडकन उठल्या. त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड. "म्हणजे ते तुमचं नव्हतं?"

त्यांनी पिशवीतून तपकिरी बूट काढले. घरबसल्या मागवलेले. दोन्ही अगदी एकाच मापाचे! उजव्यात कापूस कोंबलेला. टाचेवर फोड आलेला, आणि आठ-आठ तास वॉर्डात उभं राहायचं. "मी तर भांडायला आले होते," त्या म्हणाल्या. "वाटलं, तुमचा हात गेला. आमच्या वॉर्डात सगळ्यांना सांगितलंसुद्धा."

बाबांनी बूट उलटा करून शिवणीवरून अंगठा फिरवला. "हे टाके माझे नाहीत," एवढंच म्हणाले. पण कान लाल झाले होते.

त्यांनी चौकातल्या मालकाला फोन लावला. आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "अहो, जागा मोकळी होती, मी घेतली. तुम्हाला कुणी अडवलं होतं?" आणि वर हसला. चोर तो चोर, वर शिरजोर!

खरं सांगायचं तर अडवलं होतं बाबांनीच. वेबसाइट करून देणारा दादा तेव्हा कानीकपाळी ओरडत होता, "काका, डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता. एकच घेऊ नका. त्याच नावाचे आणखी दोन-चार घेऊन ठेवा, नाहीतर दुसरा कुणी येऊन बसेल." तर आमचे बाबा काय म्हणाले? "एका दुकानाला किती पाट्या लावायच्या?"

फोन ठेवून बाबा खुर्चीत बसले. "नाव बदलू या. कटकट नको."

कोपऱ्यात आईचं मशीन थांबलं. ती नुसती सुईत दोरा ओवत राहिली. दोरा तर ओवलेलाच होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लबाडी त्याची आणि नाव बदलायचं आम्ही? उद्या तो आमच्या घरात घुसला तर आम्ही आडनावही बदलायचं?

"बाबा, नर्सकाकूंचे फर्मे किती?"

"दोन."

"का? काकू तर एकच आहेत."

"अगं, पाय सारखे नाहीत ना."

"मग माणसंसुद्धा सारखी नसतात! कुणी डॉट कॉम लिहितं, कुणी डॉट शॉप, कुणाला देवनागरीतच लिहायचं असतं. काकूंना काय ठाऊक कुठलं खरं? दारं चार असू द्या, पण चारही दारांतून आत आलं की तुम्हीच दिसायला हवेत. पाट्या नाहीत त्या, फर्मे आहेत!"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पण ते डॉट शॉप तर गेलंच ना," आई हळूच म्हणाली.

"गेलं कसं? पावती आहे माझ्याकडे," नर्सकाकू म्हणाल्या. "वर ठळक अक्षरांत 'समपाऊल' छापलंय, तुमच्या नावाने फसवल्याचा पुरावाच. आणि हा फोडही दाखवते, कुणाला बघायचा असेल तर!"

मी दप्तर बाकावर आपटलं.

"ऐका दोघं. मी ठरवलंय. नाव बदलायचं नाही. त्या दादाला मी आत्ता फोन करतेय. डॉट नेट, देवनागरीतलं, आणखी जे मोकळं असेल ते आजच घ्यायचं आणि सगळं आपल्याच वेबसाइटवर वळवायचं. डॉट शॉपसाठी तक्रार करायची, कुठे करायची ते दादा सांगेल. लिहिणार मी, सही करणार बाबा, पावती काकूंची. आणि आजपासून वेबसाइट मी बघणार. बाबांनी फक्त पाय बघायचे. आई, हसू नकोस, मी गंमत करत नाहीये!"