पदराआडची खूण

आचऱ्याच्या बाजारात चंद्रावती मासे विकायला बसायची तेव्हा नम्रता तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली असे, आणि पदराआड मायलेकींचे हात एकमेकींत असत. गिऱ्हाइकासमोर तोंडाने बोलायची सोय नव्हती. एक बोट दाबलं की देऊन टाकायचं, दोन दाबली की ताणून धरायचं, आणि अंगठा तळव्यात रुतला की परकं माणूस कान लावून आहे, गप्प बसायचं. ही भाषा फक्त त्या दोघींची. घरात बापालासुद्धा कधी तिचा पत्ता लागला नाही.

झटक्याने चंद्रावतीची वाचा गेली, उजवं अंगही गेलं, तेव्हा नम्रताने शाबूत राहिलेला डावा हात हातात घेतला. वर्षभर ती विचारत राहिली, पेज हवी का, पाठ दुखते का. हात नुसता पडून राही. शेवटी नम्रताचीच कंबर धरली आणि तिने बांद्याहून अक्षयाला आईच्या सेवेला ठेवून घेतलं. अक्षया हसतमुख, हाताला हलकी. बघता बघता आईला कधी कूस बदलायचीय, कधी तिरफळ घातलेलं सार हवंय, सगळं तिला कळू लागलं. आई चक्क हसायला लागली. शेजारणी अक्षयाचं कौतुक करीत आणि नम्रता जळून खाक होई. आई सुधारत होती आणि पोटच्या लेकीला ते बघवत नव्हतं.

भाकरी थापताना तिला खोलीतली कुजबुज ऐकू येई. बोलणारी एकटी अक्षयाच असणार, हे तिला ठाऊक होतं. पण कुजबुजीत प्रश्न असत, तशी उत्तरंही असत. एका दुपारी ती पेजेची वाटी घेऊन दारात आली. आईचा डावा हात अक्षयाच्या हातात होता. नम्रता दिसली मात्र, आईचा अंगठा अक्षयाच्या तळव्यात रुतला आणि अक्षया गप्प झाली.

"ह्या तुका आयेन शिकवल्यान?" नम्रताने विचारलं.

"मुद्दाम कित्याक शिकवूक व्हया, ताई?" अक्षया सहज म्हणाली. "ल्हानपणी आचऱ्याच्या बाजारात ह्याच आयेच्या मांडयेक मांडी लावन शिकलंय."

"ती माझी आये! माझी!"

संध्याकाळच्या आत नम्रताने तिला रिक्षात बसवून दिलं, आणि रिक्षा वळणाआड जाईपर्यंत ती फाटकातून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती अक्षयाच्या स्टुलावर बसली. आईचा डावा हात तिने दोन्ही हातांत धरला. "आये, मी गो. नमू. काय तरी सांग." हात नुसता पडून राहिला. रडू आवरून ती पेज आणायला उठली.

चुलीपाशी तिला कुजबुज ऐकू आली.

ती धावत दारात आली. स्टूल रिकामंच होतं. आईने तोंड भिंतीकडे केलं होतं, जिथे माणूस बसायला जागाच नव्हती, आणि ती हसत होती. त्याच बाजूला तिचा उजवा, झटक्यापासून न हललेला हात उघडा पडला होता. नम्रताचं पाऊल उंबऱ्यावर वाजलं तसा त्याचा अंगठा हळूच वळला, कुणाच्या तरी तळव्यात रुतावा तसा दाबला गेला, आणि कुजबुज थांबली.