रक्तदाता परीक्षित

हिमानीनं हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटमधून गाडी बाहेर काढली. ती अजून ओरडली नव्हती, आणि शेजारी बसलेला परीक्षित तेवढ्यावरच खूश होता. हाताला पट्टी, दुसऱ्या हातात ज्यूसचा डबा. सहलीहून परतणाऱ्या पोरासारखा तो निवांत बसला होता.

त्याच्या अंगात रक्त फाजील तयार होत होतं. ते दाटून गुठळी झाली आणि मेंदूत गेली, की संपलं. म्हणून अधूनमधून शिरेतून पिशवीभर रक्त काढून टाकायचं, हाच उपचार. शरीरात लोह कमी राहिलं की नवं रक्तही कमी बनतं. इतकी साधी गोष्ट. तरी आज रिपोर्टमधला रक्ताचा आकडा पुन्हा वर गेला होता. लोहाच्या गोळ्या, टॉनिक काही घेता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर हा गृहस्थ सरळ 'नो' म्हणाला.

सिग्नलला टिश्यू शोधायला हिमानीनं समोरचा कप्पा उघडला. आत अळिवाचे दोन लाडू आणि लोहाच्या टॉनिकची अर्धी संपलेली बाटली.

"परीक्षित, हे काय आहे?"

"आईनं दिलंय. ओरडू नकोस यार, आधीच वीक वाटतंय."

"आणि तू घेतोस?"

"ती समोर उभी राहते गं. चमचा तोंडाशी धरते. नाही कसं म्हणू?"

"चालत नाही म्हणून सांग!"

"मग का चालत नाही, तेही सांगावं लागेल ना!"

हिमानीनं कपाळावर हात मारून घेतला. सासूबाई नागपूरहून इकडे अमेरिकेत, पार्सिपनीला आल्या, तेव्हा 'आईला टेन्शन नको' म्हणून यानंच थाप मारली होती, की मी ब्लड डोनेट करायला जातो. हिमानीनंही मान डोलावली होती. तेव्हापासून रत्नाबाई दानशूर लेकाचं रक्त भरून काढायला कंबर कसून उभ्या होत्या. तिकडे नर्स काढत होती, इकडे आई भरत होती, आणि हा शहाणा दोघींनाही थँक्यू म्हणत होता.

घरी रत्नाबाईंनी दार उघडलं तेच लाडवाची वाटी घेऊन. "किती रे रक्त देतोस लोकांना! घे आधी."

परीक्षितचा हात सवयीनं पुढे गेला. हिमानीनं तो धरला.

"आई, तो कुणाला रक्त देत नाही. त्याला आजार आहे." मग तिनं सगळं सांगून टाकलं, गुठळीचं, लोहाचं आणि डॉक्टरणीला म्हटलेल्या 'नो'चंही. आवाज चढलेलाच होता, तो काही केल्या खाली येईना.

रत्नाबाईंनी ऐकून घेतलं आणि लेकाकडे वळल्या. "तोंड काय नुसतं खायला दिलंय तुला?"

"तुला काळजी वाटली असती, आई."

"मग वाटू द्यायची! काळजीनं मी मेले नसते. पण माझ्याच हातानं तुला..."

हिमानीला अजून बरंच बोलायचं होतं. पण तिनं सासूबाईंच्या हातातली वाटी काढून घेतली आणि त्यांना सोफ्यावर बसवलं.

रत्नाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"पुढच्या वेळी मी येणार याच्यासोबत," त्या हिमानीला म्हणाल्या. "आणि डॉक्टरणीनं काही विचारलं, तर याला बोलू द्यायचं नाही."