कटिंगमध्ये गेलेला 'अ'

सासरेबुवांच्या आत्मचरित्राचं मुखपृष्ठ जावयाने हौसेने स्वतःच केलं. पुस्तकाचं नाव होतं 'असामान्य'. त्यातला 'अ' त्याने बारीक करून पानाच्या अगदी कडेला चिकटवला होता.

प्रेसमध्ये फाइल तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "हे अक्षर आत घ्या. कटिंगमध्ये कडेचे तीन-चार मिलिमीटर जातात."

"ताई, याला स्टाइल म्हणतात. तुम्ही छपाईचं बघा," जावई म्हणाला.

ताईंनी प्रूफवर त्याची सही घेतली आणि फाइल छपाईला सोडली.

प्रकाशन समारंभात गठ्ठा फोडला, तर प्रत्येक प्रतीवर ठसठशीत 'सामान्य'! जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. सासरेबुवा लालबुंद होऊन काही बोलणार, तेवढ्यात प्रमुख पाहुणे गहिवरले. "एवढा मोठा माणूस, आणि स्वतःला सामान्य म्हणवतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासरेबुवांनी हात जोडले. "नाव मीच सुचवलं," ते नम्रपणे म्हणाले.

"आणि मांडणी माझी," जावयाने घाईघाईने जोडलं.

मग पाहुण्यांनी पुस्तक उघडून पहिलंच वाक्य मोठ्याने वाचलं, "माझ्यासारखा माणूस शतकातून एकदाच जन्माला येतो."