दोघींची केबिन

युवराजनं बोटीचा नकाशा टेबलावर पसरला, पंख्यानं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर स्टेपलर ठेवला आणि पेन्सिलीनं शेजारशेजारच्या दोन चौकटींभोवती गोल काढले.

"ही तुमची, मॅडम. आणि ही शेजारची वर्षाराणी मॅडमची."

पौर्णिमानं वाकून पाहिलं. मग चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावून पाहिलं.

"आमची एकच केबिन आहे ना? दोघींची?"

"एकच होती की. परवा मॅडमचा फोन आला, दोन करून द्या म्हणून. आता तुम्ही राणीवानी एकटीनं राहायचं." युवराज खुशीत होता. "आणि जादा पैशाची चिंता करू नका. तुमच्या वाट्याचे बी त्यांनीच भरलेत. मला म्हणाल्या, तिला सांगू नका–"

इथं त्यानं जीभ चावली. युवराजच्या तोंडात तीळ भिजत नसे हे अख्ख्या तुळजापूरला ठाऊक होतं, पण वर्षाराणीला ते ऐन वेळी आठवलं नसावं.

"सरप्राइज असंल बहुतेक," तो सारवासारव करत म्हणाला. "त्या आल्या की तुम्ही माहीत न्हाय असंच दाखवा."

पौर्णिमानं मान डोलावली. पर्स मांडीवर घेतली आणि तिची चेन उगाच उघडून लावली.

लॉजच्या तळमजल्यावर युवराजचं ऑफिस होतं. देवीला आलेल्या भाविकांना सोलापूरच्या स्टेशनवर सोडायला गाड्या द्यायच्या, हा त्याचा मूळ धंदा. क्रूझचं खूळ अलीकडचं. मुंबईहून निघून लक्षद्वीपला जाऊन यायचं, अशी सहल त्यानं काढली होती आणि गावातली निम्मी रिटायर मंडळी त्याच्याकडं चौकशी करून गेली होती. चौकशीला पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्यात कुणी कसूर केली नव्हती. नाव नोंदवलं ते थोड्यांनीच. त्यांत या दोघी होत्या आणि शेवटचे पैसे भरायची आज मुदत होती.

"मॅडम येईपर्यंत तुम्हाला सांगून ठेवतो," युवराज म्हणाला. "फायनल पेमेंटच्या आधी मी सगळं बोलून घेत असतो. एकदा भरलं की रुपाया परत येत न्हाय. मागं तेरखेड्याची पार्टी नेली, तिथं घरोघरी फटाक्याचे कारखाने. नातवाचा वाढदिवस बोटीवर करायचा म्हणून घरचेच फटाके बॅगेत भरून आणले की हो त्यांनी! बंदरावर सगळ्या खानदानाला बाजूला काढलं. बोट गेली, पैसे गेले, आणि शिव्या कुणाला? मला! फटाके चालत न्हाईत हे आधी का सांगितलं न्हाय म्हणून."

एरवी पौर्णिमा पोट धरून हसली असती. आज ती फक्त "अरे बापरे" म्हणाली.

तेव्हापासून युवराज ताकही फुंकून पीत होता. बीपीच्या गोळ्या जास्तीच्या घ्या. आजारपणाचा विमा उतरवा, पाण्यावरचा डॉक्टर लई महाग असतो. आधारकार्ड ओरिजनल पाहिजे. गाडी लागत असेल तर बोटही लागते, आताच सांगा.

"आणि शेवटचं म्हणजे, कुणाबरोबर चाललोय त्याचा नीट विचार करायचा. न्हाय पटलं म्हणून जळकोटच्या फाट्यावर उतरून जाता येतंय. समुद्रात फाटा नसतो." आपल्याच विनोदावर तो हसला. "तुमचं काय म्हणा, तुम्हा दोघींची जोडी तर पंचक्रोशीला माहीत आहे."

माहीत होतीच. जळकोटच्या जिल्हा परिषद शाळेत दोघींची उभी नोकरी झाली. सकाळी एकाच एसटीनं जायचं, खिडकीची जागा एक दिवस हिला, एक दिवस तिला. दुपारी डबे एकत्र उघडायचे. पौर्णिमाची शेंगाचटणी वर्षाराणीला इतकी आवडायची की ती आधी तिच्याच डब्यात हात घालायची. पौर्णिमाच्या मिस्टरांना दवाखान्यातून घरी आणलं, ते झाकूनच, तेव्हा पहिली धावत आली ती वर्षाराणी. नंतरचा महिनाभर रोज संध्याकाळी येऊन बसायची. भाजी निवडून द्यायची आणि दिवेलागणीला उठून घरी जायची.

क्रूझची कल्पनाही तिचीच. आपण दोघींनी काय पाहिलं गं आयुष्यात, म्हणाली, जळकोट आणि तुळजापूर. चल, समुद्र बघू.

खरं सांगायचं तर पौर्णिमाला समुद्राचं फारसं अप्रूप नव्हतं. तिला होतं ते खोलीतल्या दुसऱ्या पलंगाचं. मुलगा पुण्यात, घरात ती एकटी. रात्री दिवा मालवल्यावर कुणाशी तरी दोन वाक्यं बोलावीत, मधेच ऐकणाऱ्याला झोप लागावी आणि आपण त्याच्या घोरण्याला नावं ठेवत कूस बदलावी, एवढीच तिची हौस होती. उन्हाळ्यापासून ती त्या खोलीत मनानं राहत होती. खिडकीकडचा पलंग वर्षाला द्यायचा, हेसुद्धा ठरलेलं.

काल मुलाचा, बुद्धघोषचा, फोन आला होता.

"आई, एकाच खोलीत राहणार आहात तुम्ही?"

"हो. का?"

"काकूंना चालणार आहे ना? तू एकदा विचारून घे."

पौर्णिमा त्याच्यावर जाम उखडली होती. "तू पुण्याला जाऊन भलतंच शिकलास. बुद्धपौर्णिमेची खीर तिच्याशिवाय उतरत नाही आपल्याकडं. वर्षाला मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखते."

"ठीक आहे," तो म्हणाला होता. तेवढंच.

आता त्या नकाशावरच्या दोन गोलांकडं बघत ती कारणं शोधू लागली. वर्षाला रात्री सारखं उठावं लागतं, तिला संकोच वाटत असेल. तिचा फोन मोठ्यानं चालू असतो. किंवा खरंच सरप्राइज असेल, मैत्रिणीला ऐसपैस जागा मिळावी म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलंच नाही तर काय बिघडलं? नाही विचारायचं, असं तिनं ठरवलं, आणि त्या ठरवण्यानंच तिला कळून चुकलं की उत्तर काय येईल ते आपल्याला माहीत आहे.

तेवढ्यात वर्षाराणी आली. उन्हानं लाल झालेली, घामेजलेली, हातात भलीमोठी पिशवी.

"सोलापूरहून मागवल्या," असं म्हणत तिनं पिशवीतून दोन गवती टोप्या काढल्या. रुंद काठाच्या, निळी रिबीन असलेल्या, अगदी एकसारख्या. "समुद्रावर ऊन लागतं म्हणे. घालून बघ की गं! अशी काय बघतेस?"

मग तिची नजर टेबलावरच्या नकाशावर गेली. तिनं युवराजकडं पाहिलं. युवराजला एकाएकी चहाची आठवण झाली. "तुम्ही बसा, मी सांगून आलो," असं पुटपुटत तो बाहेर पडला.

टोपी मांडीवर ठेवून पौर्णिमा म्हणाली, "दोन केबिन कशाला गं केल्यास?"

"तुला अडचण नको म्हणून." उत्तर तयार होतं. "माझी परडी असते ना बरोबर. सकाळ-संध्याकाळ आरती, धूप, घंटी. एवढीशी ती खोली. तुम्ही देवाधर्मातले नाही. तुला उगाच कोंडल्यासारखं झालं असतं."

परडी म्हणजे देवीची वेताची टोपली. वर्षाराणीला ती सासूकडून आली होती, गळ्यातल्या कवड्यांच्या माळेसकट. मंगळवारी पाच घरी जोगवा मागून ती परडी भरायची. ती पाच घरं कोणती, हे पौर्णिमानं कधी विचारलं नव्हतं. जोगव्याला वर्षा आपल्या दारी येत नाही, एवढं तिला माहीत होतं.

"तुझ्या आरतीच्या वेळी मी डेकवर जाऊन बसले असते," ती म्हणाली. "मला काय कोंडायचंय?"

"तसं नाही गं."

"आणि चार दिवस परडी घरी राहिली तर सूनबाई नाही का बघणार?"

"बघंल की. मागं माझं ऑपरेशन झालं तेव्हा तिनंच–"

वर्षाराणी थांबली. बाहेर कुठल्यातरी भाविकांची जीप हॉर्न वाजवत गेली. दोघींनाही वाक्याचा उरलेला अर्धा भाग ऐकू आला होता.

वर्षाराणीनं आपली टोपी उचलली आणि तिची रिबीन बोटाला गुंडाळू लागली. खाली बघतच ती बोलली.

"परडी घरी ठेवली तरी माळ गळ्यात असतेच. सासूबाईंनी घालताना सांगितलेलं, जिथं आपण निजतो तिथं आपल्यातल्याशिवाय दुसरं..." तिनं ते तिथंच सोडलं. "मी मानत नाही गं. तुला माहीत आहे मी मानत नाही. तुझ्या डब्यात जेवले मी. पण रात्रभर एका खोलीत... आणि मागाहून काही बरंवाईट झालं म्हणजे? आमच्या नातीला, आरोहीला, गेल्या वर्षी झटके आले तेव्हा मी देवीपुढं काय काय आठवत बसले होते, तुला काय सांगू. उद्या पोरीला पुन्हा काही झालं, तर माझ्या मनात तूच येशील. ते नको म्हणून दोन केल्या. तुझ्याबद्दल वाईट यायला नको माझ्या मनात."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. तेच तर वाईट होतं. ती ढोंगी असती तर पौर्णिमाला चार शब्द सुनावता आले असते, पर्स उचलून चालू पडता आलं असतं. शाळेत पोरांना समता शिकवताना दोघी एकाच खडूनं फळ्यावर लिहीत होत्या, असं काहीतरी तिच्या ओठांपर्यंत आलं. पण ते कुणाला ऐकवायचं? वर्षाला ते सगळं पाठ होतं. तिनंही तेच शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं.

"मी आलेच नाही तर?" पौर्णिमानं विचारलं.

वर्षाराणीचा चेहरा खर्रकन उतरला. "असं नको करू. माझा इंद्रजित आपल्या आईला एकटीला पाठवायचा नाही. पौर्णिमाकाकू आहेत म्हणून तर हो म्हणाला. माझं सगळंच बुडंल गं."

म्हणजे तिचं जाणं पौर्णिमाच्या हातात होतं. क्षणभर तिला ते बरं वाटलं. नाही म्हणावं, भरलेलं बुडू द्यावं, हिला बसू दे टोपी घालून अंगणात. संतापानं तिचे कान तापले. पण संतापाच्या मागोमाग भीती आली, आणि ती संतापाहून मोठी निघाली. आज नाही म्हटलं तर उद्या संध्याकाळी दारात कोण येणार? बुद्धघोषला फोन करून काय सांगणार, तुझंच खरं होतं? या वयात नवी मैत्रीण कुठून आणायची, आणि आणली तरी तिच्या मनात काय आहे ते कळायला पुन्हा एक आख्खं आयुष्य कुठून आणायचं? तिला स्वतःची कीव आली. एवढ्या लांबवर आल्यावर उतरायला फाटा नव्हता, बोटीवर चढायच्या आधीच.

"येते मी," ती म्हणाली.

युवराज चहा घेऊन आला. दोघींची तोंडं बघून काहीतरी झालंय आणि मिटलंय असं त्याला वाटलं, आणि तो मोकळा झाला. त्यानं मशीनमध्ये रक्कम टाकली, पौर्णिमाचं कार्ड घातलं, आणि मशीन तिच्याकडं सरकवता सरकवता थांबला.

"हां, एक राहिलंच की! तुमच्या दोन खोल्यांच्या मधी एक दार आहे. फॅमिलीवाले घेतात ना, त्यांच्यासाठी ठेवलेलं असतं. ते उघडं ठेवायचं का बंद, तेवढं आताच कळवावं लागतंय. उघडं ठेवलं तर एकीच्या खोलीतून दुसरीच्या खोलीत, एका घरातल्यासारखं."

पौर्णिमानं वर्षाराणीकडं पाहिलं. तिच्या उत्तराची वाट पाहत राहिली. वर्षाराणीनं आधी चहाकडं पाहिलं, मग नकाशाकडं.

"तूच सांग," शेवटी ती म्हणाली.

"बंद," पौर्णिमा युवराजला म्हणाली. "बंदच असू दे."

वर्षाराणीनं केव्हाचा धरून ठेवलेला श्वास सोडला. टेबलाखालून तिनं पौर्णिमाचा हात शोधला आणि घट्ट दाबला, मिस्टर गेले त्या दिवशी दाबला होता तसाच. हात तसाच ऊबदार होता. तो सोडवून न घेता पौर्णिमानं दुसऱ्या हातानं मशीनवरचे आकडे दाबले.