अलंकार

नाडीचं टोक उसवलेलं होतं, बुटाच्या भोकातून जाता जाईना. बाबांच्या पायाशी बसून ती ते ओलं करून ओवत होती आणि मनात उद्याचा तास घोळत होता... बायबलातला संदेष्टा म्हणतो, भूमी विलाप करते, पाण्यातले मासेसुद्धा नाहीसे होतात — इथे थांबायचं आणि फळ्यावर लिहायचं : अलंकार. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत ती वर्षानुवर्षं हेच शिकवत आली होती. भूमीला कुठले डोळे. विलाप माणसांचा, भूमी म्हणजे त्यांच्या पापाची सावली पडायला मागे लावलेला नुसता पडदा.

"झालं का गं?"

"झालं, बाबा."

आज त्यांना नदीवर जायचंच होतं. दृष्टी गेल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते, आणि वरच्या अंगाला कातडी कमावण्याचा कारखाना उभा राहिल्याचं तिनेही — कशाला जिवाला घोर — त्यांना कधी सांगितलं नव्हतं. चर्चचे पाळक होते तेव्हा मंडळीतले सगळे बाप्तिस्मे त्यांनी त्याच पाण्यात दिले. तिचाही. मानेखाली त्यांचा तळहात, मग हिरवट काळोख, कानांत पाण्याची गुणगुण... आणि वर येता येता पोटरीला चाटून गेलेला मासा — भर प्रार्थनेत ती खुदकन हसली होती, आणि बाबा स्वतःचंच हसू दाबत पुटपुटले होते, "आमेन म्हण, आमेन." तो मासा काही अलंकार नव्हता.

उतारावर त्यांनी तिचा दंड घट्ट धरला. खाली पाणी होतं — म्हणजे शाईसारखं काहीतरी, कडेला फेसाची साय धरलेलं — वाहत होतं की थिजलं होतं, कळत नव्हतं. आता म्हणतील, हात बुडवू दे. मग काय थाप मारायची? बाबा थबकले. त्यांनी नाक वर करून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि आयुष्यभर ज्या ज्या घरांच्या दारांत ते असे थबकले होते तिथल्या सवयीने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"कोण गेलं गं?" त्यांनी हलकेच विचारलं.

कोणी नाही, बाबा... शब्द ओठांवर तयार होते, तिच्याने म्हणवेनात. ती त्यांच्याशेजारी मान खाली घालून उभी राहिली. आपण केव्हाच्या रडतो आहोत हे तिला उशिरा कळलं — आणि हे रडणं फक्त आपलंच आहे, असं तिला आता खात्रीने सांगता आलं नसतं.